पादचारी गणना

सकाळी सहा ते दहा, धुळे स्टेशनच्या फाटकाशी
मी एका पाय मोडक्या खुर्चीवर.
मांडीवर फळी, फळीवर तक्ता क्रमांक चार:
पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, हातगाडी, इतर.
अंगठ्याखाली मोजणीचं यंत्र, दाबलं की टक्.
साहेब म्हणाले, फक्त मोजायचं,
कुठं चाललात हे विचारायचं नाही.
आमच्या गावात तर आधी तेवढंच विचारतात.

चाळीसगावची पॅसेंजर आली.
टक्, टक्, कडेवरचं पोर धरावं की नाही?
धरलं. टक्.
एकोणचाळीस.
मग रस्ता पुन्हा रिकामा,
आणि उन्हाला जागा झाली.

समोर ओळीनं शटरं.
निकम ट्रंक हाऊस, पत्र्याच्या पेट्यांचं दुकान.
आता पेटी घेऊन कोण निघतं?
निकमांचा मुलगा तिथंच मोबाइलला काच चिकटवतो,
एक उरलेली पेटी उभी करून तिच्यावर बसून.
शेजारच्या लॉजच्या पाटीवरची
'गरम पाणी' ही दोनच अक्षरं (बरं, शब्द) वाचता येतात.
पुढं घड्याळजी पिंजारी. त्यांच्या भिंतीवर
नऊ घड्याळं, नऊ वेळा,
त्यांतली एकही गाडीची नाही.

ऑफिसातल्या पडद्यावर हीच गल्ली मी रोज बघते.
तिथं ती रुंद आहे.
नवी लाइन येईल, एस.टी. अन् रिक्षा एका छताखाली येतील,
मग दुकानं, मग दुकानांवर घरं,
घरांतून माणसं चालत गाडीला.
चित्रात एक बाई फुगा घेऊन चाललीय,
एकजण कुत्रं फिरवतोय.
धुळ्यात, मे महिन्यात, भर साडेदहाला.
झाडं आहेत, त्यांना सावली नाही;
सावलीचा थर राहिला असेल बंद.
तरी सांगते, मला ते चित्र आवडतं.
रात्री उशीर झाला की मी त्यात एखादी शेवभाजीची गाडी
ठेवून बघते, सकाळी काढून टाकते.

सायकल स्टँडवाले हिलालबाबा दोनदा चहा देऊन गेले.
चारशे पितळी बिल्ले होते त्यांच्याकडे, सायकली उरल्या अकरा.
त्यांतली एक दोनशे सतरा नंबरची:
गिरणीचा भोंगा बंद झाला त्या आठवड्यात
कुणी लावून सुरतेला गेला.
दर मंगळवारी बाबा तिच्यात हवा भरतात.
तिसऱ्या चहाला त्यांनी फळीवर बोट टेकलं:
'तुन्हा नकाशामा मन्हं स्टँड कथं शे, ताई?'

मी सांगितलं, तिथं चार मजली पार्किंग.
ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
'गाडी थांबीसन टेसन व्हत नही.
मानूस उतरस तव्हय व्हस.'
आणि कप घेऊन गेले.

दुपारी बेरीज केली. सहाशे बारा.
आराखड्याच्या मानानं फार कमी,
साहेब म्हणतील, मागणीच नाही.
मागणी शटरांच्या आत बसलीय,
मागणी सुरतेत आहे, भाड्याच्या खोलीत,
तिची टक् कशी करायची?

संध्याकाळी पडद्यावर
पार्किंगचा तळमजला मी साडेतीन मीटर आत सरकवला.
तिथं रेषेची एक पडवी काढली, पत्र्याची, खरी सावली देणारी.
नाव काय द्यायचं सुचेना,
'सायकल (विद्यमान)' लिहिलं.
मंजूर होईल, न होईल.
त्या खोलीत खाली सही करणारी माणसं
चारचाकीतून येतात.

तक्त्यावरचं 'इतर' मात्र कोरं सोडता येत नाही, नियम आहे.
मी लिहिलं: एक.
शेऱ्यात: सायकल इथं, माणूस यायचा आहे.